निंदेमागची निष्ठा

जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवणाऱ्यांचा एक छोटा पण उत्साही समाज अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आहे. या समाजात बहुतेकांचा एक मानाचा ब्रँड असतो: कुणाचा हूव्हर, कुणाचा इलेक्ट्रोलक्स, कुणाचा कर्बी, कुणाचा रेनबो. आपल्या ब्रँडचे गुणगान आणि दुसऱ्याच्या ब्रँडची टिंगल हा त्यांच्या बोलण्याचा नित्याचा भाग. तरीही ज्याची टिंगल केली त्याच्याच यंत्राला लागणारा रबरी पट्टा ते स्वतःच्या साठ्यातून काढून देतात. या वागण्यात धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न छोट्या आकारात दिसतो. आपले दैवत सर्वश्रेष्ठ मानणे, ते उघडपणे बोलून दाखवणे, आणि तरीही दुसऱ्याच्या दैवताचा द्वेष न करणे, हे सारे एकत्र नांदू शकते का? नांदत असेल तर कशाच्या आधारावर?

या निष्ठांची मुळे यंत्रांच्या इतिहासात आहेत. १९०१ मध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्यांनी हवा ओढून धूळ काढणारे यंत्र तयार केले. ते इतके अवजड होते की घोडागाडीवरून दारापर्यंत आणावे लागे आणि लांबलचक नळ्या खिडक्यांमधून आत सोडाव्या लागत. एकट्या माणसाला घरात सहज वापरता येईल अशा यंत्राने अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कँटन गावी मूळ धरले. जेम्स मरे स्पँग्लर हे तिथल्या एका मोठ्या दुकानात झाडलोटीचे काम करत आणि धुळीमुळे दम्याने बेजार होत. पंख्याची मोटर, साबणाचे खोके, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा अशी जोडाजोड करून त्यांनी आपली सोय केली आणि १९०८ मध्ये त्या यंत्राचे पेटंट मिळवले. ते पेटंट जवळच्याच गावातले चामडी मालाचे कारखानदार विल्यम हेन्री हूव्हर यांनी विकत घेतले. यंत्र दहा दिवस घरी वापरून पाहा, अशी जाहिरात करून हूव्हर कंपनीने ते गावोगावच्या दुकानदारांमार्फत पोचवले. ब्रिटनमध्ये तर या नावाचे क्रियापद झाले. तिथे आजही कोणत्याही कंपनीच्या यंत्राने घर ‘हूव्हर’ केले जाते.

दुसरा मोठा प्रवाह स्वीडनचा. ॲक्सेल वेनर-ग्रेन यांच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने १९२१ मध्ये ‘मॉडेल पाच’ बाजारात आणले. हे आडवे नळकांडे घसरपट्ट्यांवर सरकत मागे मागे येई आणि हातात फक्त हलकी नळी राही. अमेरिकेत या घराण्याचे सर्वांत देखणे यंत्र १९३७ चे: लुरेल गिल्ड यांनी रेखलेले ‘मॉडेल तीस’, आगगाडीच्या इंजिनासारखे निमुळते आणि चकचकीत. क्लीव्हलँडच्या कर्बीने याच्या अगदी उलट वाट धरली. जड, ॲल्युमिनियमचे, सुटे भाग बदलून अनेक कामे करणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत राहणारे यंत्र ही तिची ओळख. रेक्सएअर कंपनीने १९३० च्या दशकात पिशवीच काढून टाकली आणि धूळ पाण्यात अडकवली. रेनबो हे त्याच कल्पनेचे पुढचे रूप. फिल्टर क्वीनने भोवऱ्यासारखी फिरणारी हवा आणि कागदी शंकू वापरला. संग्राहकांच्या दृष्टीने ही केवळ मॉडेले नाहीत. धूळ म्हणजे काय आणि ती कशी हाताळावी याविषयीच्या या वेगवेगळ्या धारणा आहेत.

या धारणा घराघरांत नेऊन रुजवल्या विक्रेत्यांनी. इलेक्ट्रोलक्स, कर्बी, रेनबो यांचा धंदा दारोदारच्या प्रात्यक्षिकावर उभा राहिला. विक्रेता घरातल्याच गालिच्यावर यंत्र फिरवी, जमलेली धूळ काढून दाखवी आणि आधीच्या यंत्राने काय काय मागे ठेवले होते ते गृहिणीला पटवून देई. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हा प्रकार अनोळखी नाही. १९८२ मध्ये टाटा समूहातली फोर्ब्ज कंपनी आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्ज उभी राहिली. टाय लावून सोफ्यातली धूळ काढून दाखवणारे युरोक्लीनचे विक्रेते हे त्याच परंपरेचे भारतीय रूप. म्हणजे स्पर्धेची मूळ भाषा प्रचारकाची होती: आमचे यंत्र तारते, त्यांचे फसवते. संग्राहकांनी ही भाषा उचलली. तिच्यातला विक्रीचा हेतू गळून पडला आणि आवेश तेवढा उरला.

हा आवेश कशावरून रंगतो हे कळण्यासाठी यंत्राच्या पोटात डोकवावे लागते. हूव्हरच्या जुन्या उभ्या यंत्रांत आणि कर्बीत धूळ आधी पंख्याच्या पात्यांतून जाते आणि मग पिशवीत पडते. जाणकार या रचनेला ‘डर्टी एअर’ म्हणतात. हिच्यात हवेचा मार्ग आखूड, म्हणून वाहणाऱ्या हवेचे प्रमाण मोठे. पण एखादे नाणे किंवा खडा आत गेला तर पाते फुटण्याची भीती. इलेक्ट्रोलक्सच्या नळकांड्यात पिशवी आधी येते आणि पंखा तिच्यामागे, म्हणून त्या रचनेचे नाव ‘क्लीन एअर’. तिथे पंखा सुरक्षित राहतो आणि ओढ जबर असते, पण लांब नळीतून येताना हवेचा ओघ घटतो. मोजमापेही दोन आहेत. ओढ मोजतात पाण्याचा स्तंभ किती इंच वर चढला यावरून, आणि ओघ मोजतात मिनिटाला किती घनफूट हवा वाहिली यावरून. तोंड पूर्ण बंद केले की ओढ कमाल आणि ओघ शून्य. तोंड मोकळे सोडले की ओघ कमाल आणि ओढ जवळजवळ नाहीशी. एकाच आकड्यात यंत्राची खरी ताकद सांगताच येत नाही. त्यात फरशीचाही प्रश्न येतो. हूव्हरने १९२६ च्या ‘मॉडेल ७००’ मध्ये फिरत्या रुळावर धातूच्या पट्ट्या बसवल्या. त्या गालिचा हलकेच ठोकून रुतलेली वाळू वर आणत. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे अंथरणाऱ्या घरांत ही रचना अव्वल ठरते. उघड्या लाकडी जमिनीवर तिचा फारसा उपयोग नाही; तिथे नळकांडे जिंकते. अमेरिका आणि ब्रिटन उभ्या यंत्रांकडे आणि युरोप खंड नळकांड्यांकडे झुकला, त्यामागे जमिनींतल्या या फरकाचा मोठा वाटा आहे.

या तांत्रिक मतभेदांवर संग्राहकांची बोली पोसली आहे. इलेक्ट्रोलक्स सलगीने नुसते ‘लक्स’ होते. मॉडेलांचे आकडे टोपणनावांसारखे फिरतात. ‘सातशे’ म्हटले की ऐकणाऱ्यासमोर हूव्हर उभा राहतो. जुन्या मोटारींच्या शौकिनांकडून बरेच शब्द आले आहेत. रोजच्या कामाला वापरायचे यंत्र म्हणजे ‘डेली ड्रायव्हर’. खोक्यातून कधीच न निघालेला जुना माल म्हणजे ‘न्यू ओल्ड स्टॉक’. दुसऱ्याला जगवण्यासाठी ज्याचे भाग काढायचे ते ‘पार्ट्स मशीन’. ‘डर्टी एअर’ हे खरे तर रचनेचे नाव, पण ‘लक्स’वाल्याच्या तोंडी त्याला टोमण्याची धार चढते. उलट ‘प्लास्टिक’ हा शब्द पदार्थाचे नाव राहत नाही. तो निकाल होतो. बोली जाणणारा आपला आणि न जाणणारा परका, हे कोणत्याही पंथाच्या सांकेतिक भाषेत असते तसे इथेही आहे. मात्र या बोलीचा बराच भाग सर्व ब्रँडवाल्यांना समान आहे. कर्बीवाला आणि रेनबोवाला एकमेकांना ज्या शब्दांत चिडवतात ते शब्द दोघांच्याही मालकीचे असतात.

चिडवण्याचे विषय ठरलेले आहेत. कर्बीवाल्याला वजनावरून ऐकावे लागते; यंत्र सुमारे दहा किलोचे, तेव्हा घर साफ होण्याआधी माणूस घामाघूम होतो. रेनबोवाल्याला गढूळ पाण्याच्या बादलीची आठवण करून दिली जाते, कारण ते पाणी प्रत्येक वापरानंतर ओतावेच लागते. नळकांडेवाल्याला सांगितले जाते की त्याचे यंत्र गालिच्याला वरवर गोंजारते, आत शिरत नाही. हूव्हरवाल्याला रबरी पट्ट्याच्या जळक्या वासाबद्दल विचारले जाते. यातली प्रत्येक थट्टा खऱ्या वैगुण्यावर बोट ठेवते, म्हणूनच ती चपखल बसते. खोट्या आरोपावर आधारलेली थट्टा या मंडळींत टिकत नाही. समोरचा माणूस यंत्र उघडून दाखवतो.

अशा निंदेचे स्वरूप समजून घ्यायला भारतीय परंपरेत एक नेमके साधन आहे. पूर्वमीमांसेत, शबरस्वामींच्या भाष्यापासून, ‘नहिनिंदा न्याय’ म्हणून ओळखला जाणारा एक नियम आहे. एखाद्या वचनात निंदा आढळली तर तिचा हेतू निंद्य वस्तूला खाली पाडण्याचा नसून, त्या ठिकाणी सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीची स्तुती करण्याचा असतो, असा त्याचा आशय. हा नियम एका खऱ्याखुऱ्या अडचणीतून आला. अग्निहोत्राची आहुती सूर्योदयापूर्वी द्यावी की सूर्योदयानंतर, यावर वेदाच्या वेगवेगळ्या शाखा वेगवेगळे सांगतात आणि एकमेकींच्या वेळेची निंदाही करतात. दोन्ही वचने प्रमाण. मग निंदा खरी कुणाची मानायची? मीमांसकांचे उत्तर असे की दोन्ही पर्याय वैध आहेत. ज्याची जी शाखा त्याने ती वेळ पाळावी, आणि दुसऱ्या वेळेची निंदा ही आपल्या वेळेवरची निष्ठा दृढ करण्याची एक रीत समजावी. पुढे शैव आणि वैष्णव पुराणांतल्या परस्परनिंदेचा उलगडा करतानाही पंडितांनी हाच नियम वापरला.

संग्राहकांची थट्टा या नियमाने जितकी स्वच्छ उलगडते तितकी दुसऱ्या कशानेही उलगडत नाही. रेनबोची बादली हा विषय निघतो तेव्हा सांगायचे असते ते कर्बीच्या पिशवीविषयी. नियमाची पूर्वअटही इथे पुरी होते. नहिनिंदा न्याय लागू व्हायला दोन्ही पर्याय खरोखर ग्राह्य असावे लागतात. एक बरोबर आणि दुसरा चूक असेल तर निंदा ही निंदाच राहते. ओढ आणि ओघ या दोन मापांमुळे व्हॅक्यूम क्लीनरच्या जगात असा विकल्प निसर्गानेच पुरवला आहे. वाद तपासून पाहता येतो, गालिच्यावर वाळू पसरून दोन यंत्रे समोरासमोर चालवता येतात. पण गालिचा बदलला की निकालही बदलतो. वादाला पुरावा आहे आणि शेवट नाही, आणि अशा वादात दोन्ही बाजूंना आपापल्या जागी बसता येते.

निंदेचा अर्थ उलगडला तरी ती सहन का केली जाते हा प्रश्न उरतो. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर लिहिलेला निबंध इथे उपयोगी पडतो. काही नात्यांत एकाने दुसऱ्याला चिडवायचे आणि दुसऱ्याने रागवायचे नाही, असा समाजाचाच दंडक असतो. महाराष्ट्रात मेहुणा-मेहुणीचे नाते असे आहे. लग्नघरात व्याही-विहिणींच्या थट्टेलाही अशीच मुभा असते. जिथे दोन माणसांना जवळ आणणारे काही आहे आणि त्याच वेळी त्यांचे हितसंबंध वेगळे करणारेही काही आहे, तिथे हे नाते उगवते, असे त्यांचे निरीक्षण. पूर्ण परक्यांमध्ये थट्टा भांडणाला निमंत्रण देते आणि पूर्ण एकजीव माणसांना तिची गरज नसते. दोन ब्रँडचे संग्राहक नेमके या मधल्या जागेत उभे असतात. बाहेरच्या जगात त्यांचा छंद समजून घेणारे फार थोडे. म्हणून एकमेकांची गरज मोठी. ब्रँड मात्र वेगळे. थट्टा या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बोलून दाखवते.

योहान हाउझिंगा यांनी १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाविषयी एक मर्मग्राही फरक दाखवला आहे. लबाडी करणारा खेळाडू नियम चोरून मोडतो, पण खेळ चालू आहे हे मान्य करतो. खेळ उधळणारा माणूस मात्र खेळाचे जगच नाकारतो, म्हणून त्याच्यावर अधिक राग धरला जातो. संग्राहकांच्या खेळात असे उधळणारे दोन प्रकारचे असतात. एक म्हणतो, शेवटी सगळी कचरा काढायचीच यंत्रे, त्यात काय एवढे. दुसरा कर्बीचा इतका खराखुरा तिरस्कार करतो की समोर आलेले चांगले यंत्र भंगारात टाकतो. पहिल्याला निष्ठाच नाही. दुसऱ्याला फक्त निष्ठा आहे, यंत्रांविषयीचे प्रेम नाही. दोघांनाही थट्टेत सामील करून घेता येत नाही.

या समाजाचे आणखी एक वैशिष्ट्य धर्माभ्यासाच्या दृष्टीने मोलाचे आहे. कट्टर हूव्हरवाल्याच्या घरातही सहसा कर्बी असतो, ‘लक्स’ असतो, एखादा रेनबोही असतो. वैदिक सूक्तांत ज्या देवतेची स्तुती चालू असते तिलाच त्या वेळेपुरते सर्वश्रेष्ठ म्हटले जाते हे पाहून माक्स म्यूलर यांनी त्या वृत्तीला ‘हेनोथीइझम’ असे नाव दिले. ‘डेली ड्रायव्हर’ दर आठवड्याला बदलणारा संग्राहक याच वृत्तीने बोलतो. आज जे यंत्र हातात आहे त्याच्यासारखे दुसरे नाही. बाकीच्यांची वृत्ती स्मार्तांच्या पंचायतनाशी अधिक जुळते. पंचायतनात गणपती, शिव, विष्णू, देवी आणि सूर्य हे पाचही देव एकाच तबकात पूजले जातात, पण ज्याचे जे इष्टदैवत ते मध्ये येते आणि उरलेले चार कोपऱ्यांत बसतात. विष्णू मध्ये ठेवणाऱ्याच्या तबकातून शिव बाहेर जात नाही. तो कोपऱ्यात सरकतो. शेजारच्या घरात हीच मांडणी उलटी असते. निष्ठा म्हणजे इतरांना नाकारणे, हे समीकरण या रचनेत गळून पडते. निष्ठेने फक्त मध्यभाग ठरतो. संग्राहकाच्या फळीवर इष्ट ब्रँडला दर्शनी जागा मिळते आणि प्रतिस्पर्धी ब्रँडला कडेची. पण त्याचीही वायर तपासली जाते, कार्बन ब्रश बदलले जातात, बेअरिंगला वंगण मिळते.

या सगळ्याला एक गंभीर आक्षेप आहे. ब्रँडवरची निष्ठा ही मुळात निष्ठाच नव्हे. जाहिरातींनी आणि विक्रेत्यांनी ती ग्राहकाच्या मनात पेरली, कंपनीच्या नफ्यासाठी. माणसाने आपली श्रद्धा अशा उसन्या वस्तूवर का खर्चावी? आक्षेप खरा आहे, पण अपुरा. हार्वर्डचे तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यांचा ‘निष्ठेचे तत्त्वज्ञान’ हा ग्रंथ, योगायोग असा, स्पँग्लर यांना पेटंट मिळाले त्याच १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉइस यांच्या मते निष्ठेचे मोल ती कुठून आली यावर ठरत नाही; माणूस ती समजून-उमजून, कृतीतून आणि सातत्याने आपली करतो का यावर ठरते. निष्ठा लूटमारीच्या टोळीवरही असू शकते हे ते जाणत होते. म्हणून त्यांनी वरची कसोटी सांगितली: आपली निष्ठा अशी असावी की तिच्यामुळे जगातल्या इतरांच्या निष्ठाही वाढीस लागाव्यात. याला ते निष्ठेवरची निष्ठा म्हणतात. या कसोटीवर संग्राहक आणि कंपनी यांच्यातला फरक ठळक दिसतो. कंपनीला प्रतिस्पर्धी नाहीसा झालेला हवा असतो. संग्राहकाला तो टिकलेला हवा असतो, कारण प्रतिस्पर्धी ब्रँडचा शेवटचा चाहता गेला तर त्याच्या स्वतःच्या निष्ठेचा अर्धा रस संपतो. निष्ठा पेरली विक्रेत्यानेच. पण वाढून ती पेरणाऱ्याच्या हेतूच्या उलट दिशेला गेली. लहानपणी आजीच्या घरी ऐकलेला मोटरचा आवाज, पिशवीच्या कापडाचा वास अशा गोष्टींनी ती बांधली गेली, आणि त्यांतून कंपनीला आता छदामही मिळत नाही.

शिवाय कंपनी म्हणावे तरी कुणाला, हाच प्रश्न आहे. हूव्हरचा अमेरिकी धंदा मेटॅगकडून व्हर्लपूलकडे आणि २००७ मध्ये हाँगकाँगच्या टेकट्रॉनिक इंडस्ट्रीजकडे गेला. युरोपातला धंदा १९९५ मध्येच कँडी या इटालियन कंपनीने घेतला होता, आणि ती पुढे चीनच्या हायरकडे गेली. अटलांटिकच्या दोन काठांवर एकाच नावाची यंत्रे दोन वेगळे मालक विकतात. इलेक्ट्रोलक्सची कथा याहून गुंतागुंतीची. स्वीडिश कंपनीने १९६८ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रोलक्समधला आपला हिस्सा विकला. त्यानंतर कितीतरी वर्षे अमेरिकेत एक इलेक्ट्रोलक्स आणि उर्वरित जगात दुसरी, असा कारभार चालला. २००० च्या सुमारास स्वीडिश कंपनीने अमेरिकेतले नाव परत मिळवले. व्हर्जिनियातल्या ब्रिस्टलच्या कारखान्यात जुन्या घडणीची यंत्रे बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीला ‘एअरस’ हे नवे नाव घ्यावे लागले.

प्लुटार्कने नोंदवलेला थिसियसच्या जहाजाचा प्रश्न प्रसिद्ध आहे: एकेक फळी बदलत सगळ्या फळ्या बदलल्या, तर जहाज तेच का? थॉमस हॉब्ज यांनी १६५५ मध्ये त्यात एक भर घातली. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज बांधले, तर मूळ जहाज कोणते? इलेक्ट्रोलक्समध्ये हॉब्ज यांची कल्पना जवळजवळ प्रत्यक्षात उतरली आहे. नाव एकीकडे गेले. कारखाना, घडण आणि विक्रीची रीत दुसरीकडे राहिली. ‘खरा लक्स कोणता’ हा वाद संग्राहकांना मनापासून आवडतो आणि त्यात तीन मते आढळतात. काही जण नावाबरोबर जातात. अनेक जण ब्रिस्टलच्या घडणीला खरे मानतात. काहींच्या मते परंपरा १९६८ लाच तुटली आणि त्याआधीची यंत्रेच तेवढी अस्सल. परंपरेचे सातत्य नावात असते, की कृतीत, की उगमाशी असलेल्या संबंधात, हा मठ, संप्रदाय आणि गुरुगाद्या यांच्या वारसावादांतला कळीचा मुद्दा आहे. धुळीच्या नळकांड्यावरून तो तितक्याच बारकाईने लढवला जातो, हे या छंदाच्या वैचारिक श्रीमंतीचे लक्षण मानावे लागेल.

या सौहार्दाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा ‘प्लास्टिक’ या शब्दात दिसते. दुरुस्त न होणाऱ्या, काही वर्षांत टाकून द्यायच्या यंत्रांची जी निंदा होते तिला नहिनिंदा न्याय लागू पडत नाही. ती खरीच निंदा आहे, कारण जुन्या संग्राहकाच्या मते तो पर्यायच ग्राह्य नाही. पण १९९३ मध्ये आलेला डायसनचा ‘डीसी ०१’ आता तीस वर्षांपलीकडचा झाला आहे, आणि ज्यांच्या बालपणीच्या घरात तोच होता ते तरुण संग्राहक तो आवडीने जमवतात. त्यांच्यासमोर ‘प्लास्टिक’ म्हणणे म्हणजे थट्टेच्या वर्तुळाबाहेर ढकलणे होते. एखादी गोष्ट विकल्पाच्या कक्षेत कधी येते, हे ठरवणारा अधिकारी इथे कुणी नाही; वय आणि माया हळूहळू ते ठरवतात. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. ही यंत्रे ज्यांनी रोज ओढली त्या बहुतेक स्त्रिया होत्या, आणि रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकारांनी १९८३ च्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे घरगुती यंत्रांनी त्यांचे कष्टांचे तास फारसे कमी केले नाहीत. स्वच्छतेची अपेक्षा मात्र वाढवली. कष्टाचे साधन खेळाचे दैवत झाले, याची जाण ठेवणारे संग्रह अधिक प्रामाणिक ठरतात. कुठल्या घरात, कुणाच्या हातात हे यंत्र होते याची नोंद त्यांत जपलेली असते.

हे सारे धर्मांना लागू करता येईल का? पणाला काही फारसे लागलेले नाही म्हणून संग्राहक गोडीने राहतात, असे उत्तर सोपे वाटते. पण क्षुल्लक फरकांवरूनच माणसे जास्त कडवटपणे भांडतात, हे फ्रॉइड यांनी लहान फरकांच्या आत्मप्रीतीविषयी लिहिताना दाखवले आहे, आणि फुटबॉलच्या मैदानाबाहेरच्या मारामाऱ्यांत ते दिसतेही. केवळ क्षुल्लकपणा सौहार्दाची हमी देत नाही. हमी देतात त्या दोन गोष्टी: विकल्पाची मान्यता आणि दुरुस्तीचे सामायिक काम. पहिली गोष्ट सगळ्या धर्मांना देता येणार नाही. आपले सत्य एकमेव आहे असे ज्या धर्माचे म्हणणे आहे, त्याच्याकडे परमताला विकल्प मानण्याची मागणी करणे म्हणजे त्याने आपला मुख्य दावाच सोडावा असे म्हणणे होय. शाखाभेद पचवणाऱ्या मीमांसकांनीही बौद्धांना विकल्प म्हणून स्वीकारले नव्हते. दुसरी गोष्ट मात्र सिद्धान्तावर अवलंबून नाही. फुटलेले पाते कसे बसवायचे हे विचारणाऱ्याला त्याचा ब्रँड विचारला जात नाही, आणि असे काम भिन्न श्रद्धांच्या माणसांनाही एकत्र करता येते.

संग्राहकांच्या आपसांतला खरा कडवट वाद ब्रँडवरून होतच नाही, तो जीर्णोद्धारावरून होतो. जुन्या यंत्राचे ॲल्युमिनियम आरशासारखे घासून काढावे, की काळाने आलेला मळकट रंग तसाच ठेवावा? दुर्मीळ यंत्र चालवावे, की चालवल्याने झिजेल म्हणून बंद ठेवावे? या ठिकाणी थट्टा थांबते, कारण विकल्प उरत नाही. घासून काढलेला मूळ मुलामा परत येत नाही आणि ‘पार्ट्स मशीन’ म्हणून सुटे केलेले यंत्र सहसा पुन्हा उभे राहत नाही. बहुतेक अनुभवी संग्राहक यावर संख्येचा तोडगा काढतात. ज्या मॉडेलची यंत्रे लाखोंनी बनली ते घासावे, चालवावे, मुलांच्या हातात द्यावे. ज्याची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत त्याला फक्त धूळ पुसण्यापुरता हात लावावा. मधल्या यंत्रांबाबत मात्र प्रत्येक संमेलनात नव्याने भांडण होते, आणि त्या भांडणात हूव्हरवाले आणि कर्बीवाले ब्रँड विसरून दोन्ही बाजूंना सारखेच विभागलेले असतात.